पाच छर्रे एका भोकात, पण कार्डावर गुण गळतात: बेंचरेस्ट शिकणाऱ्यांची नेहमीची अडचण

बेंचरेस्ट म्हणजे बेंचवर वाळूच्या बॅगांचा टेका देऊन रायफलीने नेम मारायचा खेळ. त्यातली तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. एअर रायफल बॅगांवर ठेवली, २५ मीटरवर एकाच ठिपक्यावर पाच छर्रे मारले तर पाचही जवळजवळ एका भोकात. मग स्पर्धेचं कार्ड लावलं, प्रत्येक ठिपक्यावर एकेक छर्रा मारायला घेतला, की दहाच्या जागी नऊ, आठ, मधूनच सात. स्कोपच्या चक्र्या फिरवून झाल्या, छर्ऱ्यांचा डबा बदलून झाला, पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"आप्पा, सकायले येकच भोक पडनं, आते काय व्हयनं?" असं रेंजवरच्या जाणत्या आप्पांना कुणी ना कुणी विचारतंच. आप्पांचं उत्तरही ठरलेलं, "पहिले कार्ड दखाड." म्हणजे, आधी कार्ड दाखव.

आप्पांचं म्हणणं बरोबर आहे. उत्तर कार्डावरच असतं. पण कुठला छर्रा कितवा होता हे लिहून ठेवलेलं असेल तरच ते वाचता येतं, आणि ते कुणी लिहीत नाही.

आधी ग्रुप, म्हणजे एकाच ठिपक्यावर मारलेल्या पाच छर्ऱ्यांचा पुंजका, आणि कार्ड यांतला फरक नीट बघू. जागतिक रिमफायर आणि एअर रायफल बेंचरेस्ट महासंघाच्या कार्डावर गुणांचे २५ ठिपके असतात. प्रत्येकावर एकच मार, कमाल गुण २५०. शिवाय नेम पारखायला साइटरचे ठिपके वेगळे. ग्रुप मारताना रायफल जागची हलत नाही, दोन मिनिटांत काम उरकतं आणि तेवढ्यात वारा फारसा बदलतही नाही. कार्डावर मात्र रायफल दर वेळी नव्या ठिपक्याकडे वळवावी लागते, साइटर धरून चाळीसेक छर्रे सहज उडतात आणि तोवर हवा चार वेळा फिरते. म्हणजे जागा, क्रम आणि हवा या तीन गोष्टी एकदम बदलतात. तुमचा ग्रुप यांतल्या एकाचीही परीक्षा घेत नाही. गुण नेमके कशामुळे गळतात हे कळेपर्यंत स्कोपला हात लावू नका आणि पैसेही खर्च करू नका.

(इंटरनेटवरचे अमेरिकी सल्ले वाचून गोंधळलेले पुष्कळ भेटतात. तिकडचं मूळ बेंचरेस्ट १०० आणि २०० यार्डांवर, मोठ्या काडतुसांचं, पाच गोळ्यांच्या ग्रुपचं. १९७५ साली आलेलं ६ पीपीसी हे काडतूस त्या खेळात अजून राज्य करतं. दारूचं वजन, काडतुसाची मान तासणं ही सगळी चर्चा त्या खेळाची आहे. छर्ऱ्याच्या रायफलीला तिचा काडीचा उपयोग नाही.)

दोन कार्डांची चाचणी

उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत, हवा पडलेली असताना बसा. पहिलं कार्ड नेहमीच्या क्रमाने मारा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. दुसरं बरोबर उलट, खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करून वरच्या डाव्या कोपऱ्यात संपवा. शेजारी एक जण वही घेऊन बसवा. प्रत्येक मारासमोर तीन गोष्टी लिहायच्या: कितवा मार, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे (वर म्हणजे बारा, उजवीकडे म्हणजे तीन) कुठल्या दिशेला गेला, आणि त्या क्षणी वाऱ्याचा झेंडा कुठे होता. साइटरही लिहा, नाहीतर क्रमाचा हिशेब चुकतो.

मग दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा. दोन्हींवर तेच ठिपके बिघडले असतील, समजा डावा रकाना, तर दोष जागेचा, म्हणजे बेंच, रेस्ट (रायफलीचा पुढचा टेका), बॅग किंवा तुमची बैठक. ठिपके बदलले पण दोन्ही वेळा शेवटचे सात-आठ मारच बिघडले, तर दोष क्रमाचा. जागा आणि क्रम दोन्ही जुळत नाहीत, पण वहीतल्या वाऱ्याच्या बाणांशी मार जुळतात, तर हवा. कशाशीच काही जुळलं नाही, तर कुठेतरी काहीतरी ढिलं आहे.

दोन कार्डांवर चित्र धूसर वाटलं तर दुसऱ्या दिवशी आणखी दोन मारा. छर्रे स्कोपपेक्षा स्वस्त असतात.

दोष जागेचा निघाला तर

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त दुखणं इथेच असतं, आणि त्यातही एक खूण अगदी ठळक. डाव्या रकान्यातले मार उजवीकडे सरकलेले, उजव्या रकान्यातले डावीकडे, आणि मधला रकाना स्वच्छ. म्हणजे दोन्ही कडांचे मार कार्डाच्या मध्याकडे झुकलेले. याचा अर्थ तुम्ही रेस्ट न हलवता गाल आणि खांद्याने ढकलून रायफल कडेच्या ठिपक्यावर नेताय. ट्रिगर सुटतो, धक्का बसतो आणि दाबून धरलेली रायफल मूळ जागी परतू बघते. छर्रा अजून नळीतच असतो, तोही तिच्याबरोबर वळतो.

तपासायला काही लागत नाही. कडेच्या ठिपक्यावर नेम धरा, मग गाल उचला, खांदा मागे घ्या, हात काढा. आता न शिवता स्कोपमधून बघा. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, ठिपक्यावरून सरकली असेल तर रायफल तिथे आपणहून बसलेली नव्हती, तुम्ही तिला बसवलं होतं. उपाय हा की रकाना बदलला की आधी रेस्टची आडवी चक्री फिरवायची. ती नसेल तर मागची बॅग केसभर सरकवायची आणि मग हाताने ठाकठीक करायचं. वर-खाली जातानाही तेच. मागच्या बॅगचे कान, म्हणजे दस्ता धरणारे वरचे दोन उंचवटे, मुठीने आवळून एक रांग चढता-उतरता येते, पण वरच्या रांगेला मूठ घट्ट आणि खालच्या रांगेला सैल असं झालं की मार उभे पसरतात. रांग बदलताना पुढच्या रेस्टची उंची बदलावी आणि मूठ सगळीकडे सारखी ठेवावी.

दुसरी तपासणी रायफलीच्या घसरण्याची. टार्गेटच्या चौकटीला गवंड्याचा ओळंबा टांगा. दोरी स्कोपच्या उभ्या रेघेशी जुळवा. आता रायफल, अर्थात रिकामी आणि बोल्ट उघडा ठेवून, बॅगांवर हळूच मागे-पुढे सरकवा. रेघ दोरीवरच राहिली पाहिजे. ती डावी-उजवीकडे पळाली तर पुढची बॅग, मागची बॅग आणि नळी एका ओळीत नाहीत. मागची बॅग फिरवून जुळवा आणि बेंचवर खडूने तिची हद्द आखून ठेवा. याच ओळंब्याने रायफलीचा कल, म्हणजे ती एका बाजूला किती झुकलीय, तोही कळतो. पॉइंट टू टू, म्हणजे .२२ व्यासाच्या छोट्या रिमफायर काडतुसाच्या, रायफलीत एक अंशाचा कल ५० मीटरवर साधारण दोन मिलिमीटर आडवा जातो, २५ मीटरच्या छर्ऱ्यात त्याच्या निम्मा. एकदाच कललेली रायफल दुखत नाही, ती शून्य करताना, म्हणजे स्कोपचा नेम आणि मार एका जागी आणताना, जुळून जाते. दर ठिपक्याला वेगळी कलणारी दुखते. स्कोपच्या नळीवर बसणारी छोटी पाणसळ मिळते, ती लावून घ्या.

बॅगांची वाळू हा आपल्या खान्देशातला खास विषय. तापी-गिरणेची वाळू चालते, पण धुऊन, बारीक चाळणीतून काढून, पत्र्यावर कडक उन्हात वाळवलेली. ओलसर वाळू भरली की बॅग पहिल्या दिवशी मऊ, दुसऱ्या दिवशी दगड. पावसाळ्यात चामड्याच्या कानांना दमटपणा धरतो आणि स्टॉक (दस्ता) चिकटून हिसका बसतो. तिथे चिमूटभर टाल्कम पावडर पुरते. स्टॉकखाली पट्ट्याची कडी असेल तर ती काढून टाका, दर धक्क्याला ती बॅगेत अडकते.

आणि बेंच. खान्देशात बेंचबद्दल वेगळं बोलावं लागतं, कारण आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच मातीत लोखंडी बेंचचे पाय पुरले तर जानेवारीत पक्का असलेला बेंच मेमध्ये डुलतो आणि ऑगस्टमध्ये एका कुशीवर जातो. माती काढून मुरूम दाबून भरा आणि वर काँक्रीटचा थर टाका. बेंच हलवता येण्याजोगा हवा असेल तर तीन पायांचा करा, तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. आपलं स्टूल बेंचच्या पायाला शिवता कामा नये. बेंच डुलतो का हे बघायला नेम धरून बसा आणि मित्राला बेंचच्या कोपऱ्यावर करंगळीने दाबायला सांगा. ठिपका हलला तर तुमचं कोपरही तो हलवतच असणार.

दोष क्रमाचा निघाला तर

इथे बहुतेक वेळा मार उभे सरकतात. पीसीपी रायफलीत, म्हणजे टाकीत आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत, रेग्युलेटर (दर माराला सारखा दाब देणारा भाग) नसेल तर टाकीतला दाब उतरत जाईल तसा वेग आधी थोडा चढतो, मग पडतो. रेग्युलेटर असेल तर टाकीचा दाब त्याच्या ठरलेल्या दाबाखाली गेल्याबरोबर मार खाली उतरायला लागतात. शेवटचे आठ मार पायरीपायरीने खाली गेलेले दिसले की दुसरा संशय घेऊ नका, प्रेशर गेज बघा आणि कार्डाच्या आधी टाकी भरायची सवय लावा. २५ मीटरवर वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर मार सुमारे पाच मिलिमीटर वर-खाली होतो. पॉइंट टू टूमध्ये ५० मीटरवर तेवढाच फरक सात-आठ मिलिमीटरचा.

थांबून मारलेला पहिला छर्राच वेगळा जातो, पुढचे ठीक, असं दिसलं तर रेग्युलेटर बसल्या जागी दाब चढवतोय. दुरुस्ती होईपर्यंत, थांबलात की एक मार साइटरवर काढून मगच ठिपक्यावर या.

पॉइंट टू टूवाल्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. नळी साफ केल्यावर लगेच कार्ड मारायचं नाही, गोळीवरचं वंगण नळीत बसेपर्यंत काही गोळ्या साइटरवर जाऊ द्यायच्या. आणि डबी बेंचवर उन्हात उघडी ठेवायची नाही. भुसावळच्या उन्हात पितळ तापतं, दारू तापते, वेग बदलतो आणि सावलीतल्या डबीने केलेलं शून्य कामाला येत नाही. त्याच गोळ्यांचा लॉट (कारखान्यातली एका खेपेची बनावट) बदलला तरी पुन्हा तपासावं लागतं. वरणगावला लष्करासाठी गोळ्या बनतात म्हणून आपल्याला मॅचच्या गोळ्या जवळपास मिळत असतील, असा समज बाहेरगावच्या मित्रांचा असतो. तसं काही नाही. जो लॉट रायफलीला मानवला तो जमेल तेवढा घेऊन ठेवावा.

शरीरही क्रमातच येतं. एकाच डोळ्याने स्कोपमध्ये टक लावून बसलात की पंधराव्या ठिपक्यापर्यंत डोळा थकतो. दर पाच मारांनंतर मान वर करून लांब झाडांकडे बघा, पाणी प्या.

दोष हवेचा निघाला तर

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण "वारा तर काहीच नव्हता" हे वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरचा आडवा वारा गालाला जेमतेम जाणवतो. तेवढ्याने साधारण १६ जूलच्या रायफलीचा छर्रा २५ मीटरवर सुमारे आठ मिलिमीटर सरकतो. पॉइंट टू टूची कमी वेगाची मॅच गोळी ५० मीटरवर सहाएक मिलिमीटर. म्हणजे दुप्पट अंतर असूनही गोळी छर्ऱ्यापेक्षा कमी सरकते. छर्रा हलका, हवेत लवकर मंदावतो, आणि वारा त्या मंदावण्याचीच वसुली करतो.

यावर "ताकद वाढवून घे" असा सल्ला मिळतो. तो घेऊ नका. स्पर्धेतल्या लाइट व्हार्मिंट या एअर रायफल वर्गाची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६.३ जूल आहे. त्यापुढे गेलात तर त्या वर्गात बसत नाही. शिवाय आपल्याकडे २० जूलच्या वरची एअर रायफल परवान्याच्या कक्षेत जाते. एवढं करून वारा काही पाठ सोडत नाही.

आपल्या भागातला वारा मात्र वाचायला त्या मानाने सोपा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेलं तापीचं खोरं. पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात वारा मुख्यत्वे पश्चिमेकडून येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. रेंज उत्तरेकडे तोंड करून असेल, आणि सूर्य डोळ्यांत नको म्हणून ती तशीच ठेवतात, तर हा वारा डाव्या हाताने येतो आणि मार उजवीकडे नेतो. उजव्या पिळाच्या (आतले आटे उजवीकडे वळलेल्या) नळीतून सुटलेली पॉइंट टू टूची गोळी डाव्या वाऱ्यात नुसती उजवीकडे जात नाही, किंचित खालीही जाते. उजव्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर. म्हणून वाऱ्याने पसरलेला गोळ्यांचा ग्रुप घड्याळातल्या दहापासून चारपर्यंत तिरका दिसतो. अशी तिरकी रेघ दिसली तर बॅगांना दोष देऊ नका. छर्ऱ्यांमध्ये मात्र या रेघेवर विसंबू नका, मागे घेर असलेल्या छर्ऱ्याचं वागणं वेगळं.

झेंडे विकत घ्यायची गरज नाही. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे सळईवर खोचा आणि टोकाला पतंगाच्या कागदाची हातभर पट्टी किंवा लोकरीचा धागा बांधा. झेंड्याचं टोक नेमाच्या रेषेच्या थोडं खाली राहू द्या, म्हणजे स्कोपच्या कडेला दिसेल पण ठिपका झाकणार नाही. २५ मीटरला तीन पुरतात. बहुतेक जण झेंडा टार्गेटजवळ लावतात, कारण तिकडेच बघत असतात. पहिला झेंडा नळीपुढे पाच-सहा मीटरवर हवा. सुरुवातीला वाऱ्याने जेवढा ढकलला, तेवढा छर्रा पुढचं सगळं अंतर तिरका जातो. टार्गेटजवळच्या झोताला ढकलायला जागाच उरलेली नसते.

रावेर-यावलकडे केळीच्या बागांच्या कडेने शेवरीची दाट ओळ वाऱ्यासाठी लावतात. सरावाची जागा अशा बागेच्या आडोशाला असेल तर फसायला होतं. बेंचवर वारा शून्य, पण दोन बागांमधल्या वाटेतून येणारा झोत मधल्या दहा मीटरमध्ये आडवा घुसतो. मधला झेंडा त्यासाठीच.

मारायची रीत अशी. कार्डाच्या आधी पाच मिनिटं नुसते झेंडे बघा आणि वारा कुठल्या स्थितीत जास्त वेळ टिकतो ते ठरवा. समजा, पहिला झेंडा अर्धा उचललेला आणि मधला त्याच्याच दिशेला. त्या स्थितीत साइटरवर दोन-तीन मार काढा, मार कुठे बसतो ते पाहा आणि तेवढंच उलट्या बाजूला धरून ठिपके घ्या. स्थिती मोडली की थांबा. परत आली की आधी साइटर, मग ठिपका. वारा अजिबात नसलेल्या क्षणाची वाट बघत बसू नका. आपल्याकडे दहानंतर तसा क्षण आला तरी दोन सेकंदांचा असतो आणि पुढचा झोत दुसऱ्याच बाजूने येतो. वावटळ दिसली तर बोल्ट उघडून हात मांडीवर ठेवा.

मार्च ते जूनमध्ये मृगजळाचा त्रास वेगळा. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर येते आणि ठिपका जिथे असतो तिथे दिसत नाही. लहरी एका बाजूला धावत असतील तर वाराही त्याच बाजूला, तो झेंड्याबरोबर वाचता येतो. पण लहरी सरळ वर उकळताना दिसल्या तर मारू नका. वारा पडलाय असं वाटतं, खरं तर तो बाजू बदलत असतो. पॉइंट टू टूवाल्यांना तापलेल्या नळीवरून उठणाऱ्या लहरींचाही त्रास होतो. नळीवर जाड कापडाची किंवा रेक्झिनची पट्टी स्कोपपासून पुढपर्यंत टाका. नळीखालून रेंजच्या मातीवर पाणी शिंपडून ठेवलं तर तासभर बरं जातं.

कशाशीच जुळत नसेल तर

आधी स्क्रू. स्कोपच्या रिंगांचे आणि स्टॉकचे. ते हाताने हलत नाहीत म्हणून घट्ट आहेत असं नसतं, किल्ली लावून बघा. मग पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की स्कोपमधली फुली ठिपक्यावर सरकल्यासारखी दिसणं. रायफल बॅगांवर अचल ठेवा, न शिवता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर ठिपक्यावर पोहत असेल तर ती स्थिर दिसेपर्यंत, डोळ्याने बघत, पॅरॅलॅक्सची चक्री फिरवा. तिच्यावर छापलेल्या अंतरावर भरवसा ठेवू नका. पहाटे केलेली जुळणी अकराच्या उन्हात सरकते, तेव्हा कार्डागणिक एकदा बघावं. गालाची जागा चुकली तरी मार जागेवर राहतो, हा त्याचा फायदा.

स्प्रिंगची एअर रायफल असेल तर हे सगळं करूनही छर्रे विखुरतील. तिचा पिस्टन पुढे-मागे धक्के देतो आणि बॅगवर ती उडते. तिला मऊ बॅग द्या, दर वेळी स्टॉकचा तोच भाग बॅगवर ठेवा, हलकी धरा. शिकायला चालेल, पण तिच्या गुणांची पीसीपीच्या गुणांशी तुलना करू नका.

स्क्रू आणि पॅरॅलॅक्स ठीक निघाले तर मित्राचा चांगला चालणारा स्कोप मागून आणा आणि दोन कार्डांची चाचणी पुन्हा करा. मार सुधारले तर तुमचा स्कोप दुरुस्तीला पाठवा. नाही सुधारले तर नळीचं तोंड भिंगाने बघा, शिशाचा पापुद्रा किंवा टोकाला बारीक खाच दिसते का. तरीही कोडं सुटलं नाही तर कुणालाही विचारताना दोन्ही कार्डं क्रमांकांसह, वहीचं पान, रायफलीचा प्रकार, छर्ऱ्याचं वजन आणि रेंजचं तोंड कुठल्या दिशेला आहे एवढं सोबत द्या.